कोलारीचं जस्त लाव्हातून नाही आलं!

भिवापूर तालुक्यातल्या (नागपूर जिल्हा) कोलारीचं जस्त दख्खनच्या लाव्हातून आलं असा मेसेज ग्रुपवर फिरतोय, तर तसं अजिबात नाही. तो लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि कोलारीचे साकोली गट नावाच्या खडकसमूहातले खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुने, म्हणजे हिशोबच जुळत नाही. तिथे जस्त आहे ते मुख्यतः स्फॅलेराइटमध्ये, म्हणजे जस्त अधिक गंधक, सोबत गाह्नाइट नावाचं हिरवट खनिज पण मिळतं. गाह्नाइटमध्ये जस्त असतं खरं पण ते काढणं अवघड, त्याचा खरा उपयोग जवळपास साठा असू शकतो ही खूण म्हणून. बाकी कोणी तिला "शिशाची खाण" वगैरे म्हणत असेल तर ते सोडा, शिसं गॅलेना नावाच्या खनिजात असतं आणि कोलारी ओळखलं जातं जस्तासाठी.