साबुदाणा मोकाट, जिलबी अटकेत

सकाळी सहाला, चहाचं आधण चढायच्या आत, मधुमेह्याच्या घरात एक बारीक 'टक्' असा आवाज होतो. शुगर तपासायला सुईचं पेन बोटाला लावून खटका दाबल्याचा. आवाजाची सवय होते, खटका दाबण्याआधीच्या अर्ध्या सेकंदाची होत नाही. वर्षानुवर्षं टोचून घेणारा माणूसही त्या क्षणी डोळे मिटतो आणि खांदा वर उचलतो, जसं काही टोचणार खांद्यालाच आहे.

टोचायचं ते बोटाच्या कडेला. मधोमध, जिथे आपण मोबाइल दाबतो, तिथे दुखतंही जास्त आणि दिवसभर आठवणही राहते. सुई किती खोल जावी ते पेनावरच्या आकड्यांनी ठरतं. दोनवर थेंब येत नाही, चारवर डोळ्यांत पाणी येतं, म्हणून आम्ही बहुतेक जण तीनवर संसार करतो. थेंब आला नाही की बोट लिंबासारखं पिळायचा मोह होतो. पिळू नये. पिळलेल्या थेंबात रक्ताबरोबर भोवतालचं पाणीही येतं आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही. हात कोमट पाण्याने साबण लावून धुवावा, खडखडीत कोरडा करावा, मिनिटभर खाली लोंबता सोडावा. थेंब आपणहून येतो. साबणाचा आग्रह सोवळ्यापायी नाही. आत्ताच संत्रं सोललेल्या बोटाने तपासलं तर यंत्र तुमची नाही, संत्र्याची शुगर सांगतं. आणि ती भरपूर निघते.

सुईवर 'एकदाच वापरा' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ती पंधरवडा चालते. बोथट होते, जास्त दुखते, तरी चालते. थेंब ज्यावर घेऊन यंत्रात घालतात त्या पट्टीच्या बाबतीत मात्र ही काटकसर जमत नाही. डबीचं झाकण उघडं राहिलं तर पावसाळी हवेत पट्ट्या पापडासारख्या सादळतात. फरक एवढाच, की सादळलेला पापड निदान हाताला कळतो.

तर यंत्र पाच, चार, तीन, दोन, एक असं उलटं मोजतं आणि सांगतं: १४८.

विश्वास बसत नाही म्हणून दुसरी पट्टी घालतो. १६१. आता विश्वास कशावर ठेवायचा हा नवा प्रश्न. खरं तर दोन्ही बरोबर आहेत. शुगर शंभराच्या वर असली की यंत्राने १५ टक्के इकडेतिकडे दाखवलं तरी ते मान्य आंतरराष्ट्रीय मापदंडात बसतं. म्हणजे खरी शुगर १५० असेल तर १२८ दाखवणारंही यंत्र पास आणि १७२ दाखवणारंही पास. इतकी मुभा शाळेत मिळाली असती तर गणितात कोणी नापास झालं नसतं. तेव्हा तिसरी पट्टी घालू नये. पट्ट्यांना पैसे पडतात, आणि त्या वाया गेल्याने जो राग येतो त्यानेही शुगर वाढते.

पण रात्री आठला दीड भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन झोपलेल्याची शुगर सकाळी १४८ येतेच कशी? घरातल्या सगळ्या नजरा आधी फ्रीजकडे वळतात. कालची बासुंदी मोजली जाते. कोणी बोलत नाही, पण वाटीवरचं झाकण सरळ आहे की तिरकं, हे पाहिलं जातं.

गुन्हेगार वाटीत नसतो, पोटात असतो. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायची तयारी करतं. कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे मंडळी जागी होतात आणि यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात सोडतं. ज्यांचं इन्शुलिन धडधाकट आहे त्यांना याचा पत्ताही लागत नाही. आमचं यकृत म्हणजे घरातला तो काका, ज्याला वाटतं की उठल्या उठल्या सगळ्यांना भूक लागणारच, म्हणून तो पहाटेच टोपभर शिरा करून ठेवतो. त्याला सांगणारं इन्शुलिन एकतर कमी, नाहीतर त्याचं कोणी ऐकत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी मुख्यतः या काकांना आवरते.

माझं स्पष्ट मत आहे की मधुमेहात खरा त्रास शुगर वाढण्याचा कमी आणि तिचा आळ चुकीच्या पदार्थावर येण्याचा जास्त. लग्नात पानातल्या जिलबीला हात लावा, चार टेबलांवरून आवाज येतो, "अहो, तुम्हाला चालते का?" एका लहान जिलबीत पंधराएक ग्रॅम कर्बोदकं पकडा. सकाळी त्याच माणसाने साठ ग्रॅम पोह्यांची डिश संपवली, वर लिंबू पिळून. त्यात पंचेचाळीस ग्रॅम. तेव्हा मात्र सगळे म्हणाले होते, "पोहे ना? हलके असतात." जिलबी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्यावर रंगेहाथ पकडल्याची कलमं लागतात आणि पोहे साक्षीदार म्हणून हजर असतात.

आणि साबुदाणा तर मोकाटच. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे यंत्र नव्हतं, पण अंदाज अचूक होता. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कर्बोदकं, तंतू नाहीत म्हटलं तरी चालेल. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, साबुदाण्याचं मात्र सगळंच्या सगळं ग्लुकोज होतं. त्यात बटाटा. जोडीला वरीचे तांदूळ, ज्यांच्या नावातच तांदूळ आहे तरी ते उपासाला चालतात. शेवटी राजगिऱ्याची वडी, गुळातली. गुळाबद्दल तर बोलूच नये. गूळ ही साखरच आहे, फक्त तिने गावाकडचे कपडे घातले आहेत. खिचडीतला प्रामाणिक जीव एकच, शेंगदाण्याचं कूट. तेवढंच शुगरला जरा धरून ठेवतं.

भाकरीचीही एक बाजू सांगितली पाहिजे. 'पोळी सोडली, ज्वारीवर आलो' हे वाक्य अभिमानाने म्हणतात. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत वीसेक ग्रॅम कर्बोदकं, आणि साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत चाळीसेक. तीन पोळ्या सोडून तीन भाकऱ्या धरल्या तर हिशेब दुप्पट. ज्वारीत तंतू जास्त, पोट लवकर भरतं, हा तिचा खरा गुण. पण तो एका भाकरीवर थांबणाऱ्यालाच मिळतो.

त्यापेक्षा पानातला क्रम बदलून बघावा. आपण सुरुवात करतो वरणभाताने, म्हणजे पाहुणा यायच्या आधीच साखर ओसरीवर. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खाल्ली आणि भात शेवटी घेतला तर तेच जेवण जेवून नंतरचा आकडा खाली येतो. आणि शतपावली. ही आपली जुनी रीत उत्तम, फक्त आकडा कमी पडतो. शंभर पावलं मिनिटभरात संपतात, तेवढ्यात माणूस गॅलरीतून टीव्हीपर्यंत पोचतो. पायाच्या स्नायूंनी रक्तातली साखर ओढून घ्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे सहस्रपावली म्हणा. बागेत चालून झाल्यावर कोपऱ्यावरची मिसळ खाल्ली तर ती पावलं परत द्यावी लागतात.

सल्लागारांना एकच परिच्छेद. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी. घ्या, पण गोळी बंद करून नव्हे. आणि "मी बारीक आहे, मला कशाला होतोय?" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचीच गोष्ट आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही.

गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर. रिकाम्या पोटी घेतली तर दिवसाचं वेळापत्रक संडास ठरवतं. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ तपासून घ्यावं. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात कधीकधी अख्खी गोळी तशीच बाहेर पडलेली दिसते आणि माणूस हादरतो. औषध आत राहिलेलं असतं, बाहेर आलेलं नुसतं टरफल.

ग्लिमेपिराइडची तऱ्हा वेगळी. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग ताट येवो न येवो. म्हणून ती ताट समोर आल्यावर घ्यावी; ताट येणार आहे, या भरवशावर नाही. गणपतीत हा भरवसा हमखास फसतो. दीडला जेवण म्हणून सव्वाला गोळी घेतली, आणि पाच आरत्यांच्या अकरा झाल्या. शेजारच्यांना त्यांच्या गावाकडची एक आठवली. मंत्रपुष्पांजलीपर्यंत हात थरथरायला लागतो, दरदरून घाम येतो, जीव घाबरा होतो, आणि ताम्हन धरलेल्या माणसाकडे पाहून लोकांना वाटतं, केवढी ही भक्ती!

ही शुगर लो झाल्याची खूण. ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. नैवेद्याचा पेढा इथे कामाचा नाही. त्यातला खवा पोटात रेंगाळतो आणि साखरेलाही अडवून धरतो. आणि एक बारकावा: तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर घरातली साखरही पटकन लागू पडत नाही. ती फोडायचं कामच या गोळीने थांबवलेलं असतं. त्यांनी खिशात ग्लुकोजची पावडरच ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना.

अवघड भाग त्या पंधरा मिनिटांचा. मेंदू ओरडत असतो, 'खा!' तीन चमच्यांनंतर केळं, केळ्यानंतर चार मोदक, त्यावर लाडू. तासाभराने यंत्र २८० दाखवतं आणि घरचे म्हणतात, "गोड खाल्लंत ना?" खाल्लं. पण औषध म्हणून.

इन्शुलिनवाल्यांना एकच जपून सांगायचं. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुधा चाळीसचं, म्हणजे मिलीलिटरला चाळीस युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. शंभरचं इन्शुलिन या सिरिंजमध्ये तेवढ्याच युनिटांच्या रेघेपर्यंत भरलं तर डोस अडीचपट जातो. इन्शुलिनचं पेन वापरणाऱ्यांनी आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब बघावा, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढावी. न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलं की फेकायचं.

पाय रोज रात्री पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये; भाजतं ते घरी आल्यावर दिसतं, कारण तिथे कळतच नाही. वर्षातून एकदा थेंब घालून डोळ्यांचा पडदा दाखवावा. त्या दिवशी चार-पाच तास पेपर वाचता येत नाही, एवढीच शिक्षा.

उरली तीन महिन्यांची तपासणी, एचबीएवनसी. तिच्या आधी चार दिवस सगळे मधुमेही साधू होतात. पीपीला, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी होणाऱ्या तपासणीला, हे साधुत्व खपून जातं. शिवाय हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, आपण हात धुतल्यापासून मोजतो. एचबीएवनसी मात्र रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. पेशी जगते साधारण १२० दिवस, आणि निकालात निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. सात म्हणजे सरासरी १५४, आठ म्हणजे १८३. चार दिवसांच्या कारल्याने यात काही फरक पडत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट येतो. ८.१. आपण तोंडाशी वाक्य तयार ठेवलेलं असतं: ताण, झोप, पहाटे उठणारं यकृत. डॉक्टर आकड्याकडे बघत नाहीत, कागदावरच्या तारखेकडे बघतात. मग चष्मा काढून विचारतात, "हापूस कोणाकडून घेता हो तुम्ही?"