घरांचे भाव पडणार म्हणे. कुठले?

भाच्यानं परवा रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं, "देशात घरांचे भाव ३० टक्क्यांनी कोसळणार, आत्ता घर घेणारा फसला", खाली तीन लाल बाण आणि एक रडका चेहरा. पाच मिनिटांत ग्रुपचे तीन तट. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतोय वाकडला तर दर सहा महिन्याला वाढायलेत, ठाण्याची बहीण म्हणते आमच्या कॉम्प्लेक्समध्ये रिसेलला कुत्रं विचारत नाही, आणि इथल्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या काकांनी फक्त एवढंच लिहिलं, "आमच्या गल्लीत १९९८ पास्नं घर विकलंच गेलं न्हाई, पडायचं काय त्यात."

मला विचाराल तर काकांचं ते एक वाक्य आख्ख्या फॉरवर्डपेक्षा शहाणं होतं. म्हणून हे लांबण लावतोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

"देशातले घरांचे भाव" म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगतात तसं आहे. गगनबावड्यात माणूस आठ दिवस घराबाहेर पडलेला नसतो, शिरोळात रस्ता कोरडा ठणठणीत, आणि सरासरी काढून पेपरात छापली की ती दोघांनाही लागू पडत नाही. बरं गंमत अशी की शिरोळात पाऊस नसतानाही पूर येतोच, वरनं आलेल्या पाण्याचा. हे शिरोळचं जरा लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

माझ्या मावसभावानं २००६ ला अमेरिकेत फिनिक्सला घर घेतलं. ॲरिझोना, सगळं वाळवंट. त्याच्या कंपनीतला एक मित्र त्याच वर्षी डल्लासला बदलून गेला आणि त्यानं तिथं घेतलं. दोघांचा पगार जवळपास सारखा, देश एक, बँकांचं संकट एक. २०१२ पर्यंत फिनिक्समध्ये भाव निम्म्याच्या खाली, चढलेल्या टोकापासनं मोजलं तर ५५ टक्क्यांच्या आसपास घसरण. लास वेगास तर ६० टक्के. आणि डल्लास? दहा-अकरा टक्के. आख्ख्या अमेरिकेची घसरण २७ टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे मावसभावाच्या निम्मी आणि मित्राच्या अडीचपट, धड कुणाचीच नाही.

मी त्याला तेव्हा विचारलेलं, अरे जमीन तर दोन्हीकडं मायंदाळ पडलीय, मग असं का? तर म्हणाला आमच्या लाईनीत ११ घरं, त्यातली ५ कॅलिफोर्नियावाल्यांची, राहायला घेतलेलीच नव्हती, सहा महिन्यांत विकून मोकळं व्हायचं म्हणून घेतलेली. भाव वाढतोय म्हणून लोक घेतायत आणि लोक घेतायत म्हणून भाव वाढतोय, आणि बँका उत्पन्नाचा कागद पण न बघता लोन वाटतायत. टेक्सासमध्ये मुळात भाव एवढे चढलेच नव्हते, आणि त्या राज्याच्या घटनेतच कलम आहे की राहत्या घरावर वरचा पैसा उचलायचा असेल तर एकूण कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यामुळं घर गहाण टाकून बोट घेतली, गाडी घेतली असली थेरं कमी. ॲरिझोनात उलटं. तिथं राहतं घर घ्यायला काढलेलं लोन थकलं तर बँक घर घेणार, पण उरलेल्या रकमेसाठी माणसाच्या मागं लागायला कायद्यानं बंदी. मग लोकांनी सरळ हिशेब केला, कर्ज तीन लाख डॉलरचं, घर उरलंय दीड लाखाचं, किल्ली टाकली आणि गेले निघून. आणि अशा टाकून दिलेल्या घरांना बँक येईल त्या किमतीला फुंकणार, की शेजारच्याचा भाव आणखी खाली.

मावसभाऊ मात्र हप्ते भरत बसला, आपल्याकडची खोड, कर्ज बुडवायचं म्हटलं की झोप लागत नाही. त्या उन्हाळ्यातलं तो अजून सांगतो, शेजारच्या रिकाम्या बंगल्यांच्या स्विमिंग पूलला रंकाळ्यागत हिरवं शेवाळ धरलेलं आणि डासांचं औषध टाकायला सरकारी माणसं यायची.

आता डेट्रॉईट घ्या. तिथं फिनिक्ससारखी हवा कधी भरलीच नव्हती. तरी भाव जवळपास निम्मे झाले, पार २००० सालच्याही खाली गेले. कारण काय तर मोटारींचे कारखाने. २००९ च्या जूनमध्ये जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ ला तर शहरानंच केला. हे झालं शिरोळ. पाऊस भलतीकडं, पाणी ह्यांच्या दारात.

आणि हे वाचून कोल्हापूरकराच्या पोटात थोडं ढवळलं पाहिजे, कारण शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतनं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांतनं, निघणारं कास्टिंग शेवटी जातंय कुठं? ट्रक, ट्रॅक्टर, गाड्या. २०१९ ला गाड्यांचा खप बसला तेव्हा माझ्या ओळखीतल्या एका फौंड्रीत आठवड्यातनं चार दिवस भट्टी चालू होती, ओव्हरटाईम बंद, आणि ज्या पोरांनी ओव्हरटाईम धरून हप्ता बसवलेला त्यांच्यातल्या दोघांचे उजळाईवाडीकडचे वन बीएचके त्याच दिवाळीला विकायला निघाले, घेतलेल्या भावाच्याही खाली. त्याच महिन्यात शहरातल्या राजारामपुरीत मात्र सगळं निवांत, कुणाला पत्ता नाही. अंतर किती, गाडीवर पंधरा मिनिटं.

बरं, गेल्या वेळी कुठं पडलं त्यावरनं पुढच्या वेळी कुठं पडणार हेपण सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये १९८९ नंतरच्या मंदीत लंडन आणि त्याच्या आजूबाजूचा भाग आपटला, उत्तर आयर्लंडला साधं खरचटलं पण नाही. २००७ नंतर बरोब्बर उलटं, उत्तर आयर्लंडात भाव निम्म्याच्या खाली आणि लंडन काही वर्षांत अंग झटकून उभं. आपल्याकडंही मुंबईत १९९५-९६ ला चढलेले भाव नंतर कित्येक वर्षं खाली बसलेले, आणि पुढच्या खेपेला, २०१३-१४ नंतर, पाळी आली नोएडा-ग्रेटर नोएडाची, अर्धवट टॉवर, घराचा हप्ता चालू आणि भाडंपण चालू.

आता आमचंच सांगतो, उगा दुसऱ्यांचीच उणीदुणी कशाला.

वडिलांचा शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला, तळमजल्याचा फ्लॅट होता. २००५ ला पाणी पायरीला लागून माघारी गेलेलं, त्याचं कौतुकच सांगायचो आम्ही. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३, आणि आमच्या हॉलमध्ये आईच्या खांद्याला लागेल एवढं पाणी. उतरल्यावर आईनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि खाली तारीख घातली. रंगारी आला तेव्हा त्याला म्हणाली, एवढी वीतभर जागा सोडून मार. जुलै २०२१ ला परत, नवी रेघ जुनीच्या चार बोटं वर. मग मात्र विकायला काढला.

एजंटानं पहिलं काम काय केलं तर रेघा पुसायला लावल्या. पुसल्या. आई दोन दिवस बोलली नाही. पण रेघा पुसून काय होतंय, २०१९ नंतर वायरमननं सगळे स्विचबोर्ड डोक्याच्या वर घेतलेले. गिऱ्हाईक यायचं, किचन बघायचं नाही, खिडकी उघडायचं नाही, दारातनंच बोर्डाकडं बघायचं आणि म्हणायचं, "पाणी कुठपर्यंत आलतं?" एक रिटायर्ड गुरुजी तर खिशातनं टेप काढून फरशीपासनं बोर्डापर्यंत माप घेऊन, वहीत लिहून, चहा पिऊन गेले. परत आले नाहीत. कुणी पूररेषेचा नकाशा मोबाईलवर उघडून निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराच्या) आत का लाल रेषेच्या (मोठ्या पुराच्या) आत ते विचारायचं, आणि आम्ही आपलं "मधोमध" असलं काहीतरी उत्तर द्यायचो.

आम्ही मागत होतो ४८ लाख. का ४८? तर २०१८ ला वरच्या मजल्याचा ४६ ला गेलेला म्हणून, दुसरं काही शास्त्र नाही. पहिली ऑफर आली ३९ ची, आई म्हणाली फुकटच मागतोय की. १९ महिने त्या ४८ वर बसून राहिलो. एकदा ४२ ला ठरलं, संचकार, म्हणजे बयाणा, पण घेतला, तेवढ्यात पावसाळा सुरू झाला आणि तो गडी कुठल्या तरी नातेवाईकाला विचारून आला आणि गेला. शेवटी ३४ ला दिला, कारण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि भावाच्या वाकडच्या फ्लॅटचे हप्ते एकदमच अंगावर आले. त्याच वर्षी वर सागरमाळाच्या बाजूला मित्राचा जुना बंगला मागितलेल्या भावात, दोन महिन्यांत गेला.

आता सांगा, कोल्हापुरात भाव पडले का नाही?

कागदावर विचाराल तर नाहीच पडले. रिझर्व्ह बँक हाऊस प्राईस इंडेक्स, म्हणजे घरांच्या भावांचा निर्देशांक, काढते तो मोठ्या शहरांचा, नोंदणीच्या दस्तांवरनं, आपलं गाव त्यात नाही. आणि असतं तरी काय, दस्तावर आकडा कसा घालतात ते तुम्हीपण जाणता आणि मीपण. रेडी रेकनरला, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराला, चिकटवून दस्त, वरचे रोख हातात. भाव पडतो तेव्हा आधी ते वरचे पडतात, दस्त आहे तिथंच राहतो, आणि सरकारदरबारी सगळं आलबेल.

दुसरं म्हणजे आपल्याकडं भाव पडायच्या आधी गिऱ्हाईक पडतं. जुन्या पेठांत तर प्रॉपर्टी कार्डावर आजोबांपासनं सतरा नावं, त्यातली एक आत्या बेळगावात रुसून बसलेली, सही आणायला जाणार कोण. लोन नाही, हप्ता नाही, बँकेचा माणूस दारात नाही. मालक म्हणतो माझा भाव हा, घ्यायचं तर घ्या न्हाईतर चहा घ्या. असा माणूस पाच वर्षं थांबतो आणि चारचौघांत अभिमानानं सांगतो की आमच्या गल्लीत भाव कधी पडतच नाही. पाच-सहा वर्षं तोच रेट म्हणजे महागाईनं आतनं पोखरलेलाच की तो, पण पाटी तीच आहे म्हणून त्याला कळत नाही. माझाच ४८ चा हट्ट आठवतो, मी त्याला काय शिकवू.

त्यामुळं मी आता कुठल्याही भागाचं बघताना एकच विचारतो, इथं विकायची नड कुणाला आहे. मंगळवार पेठेत कुणाला नाही. नाल्याकाठी पुरानं लावली. उजळाईवाडीत फौंड्रीनं लावली. महापालिकेची हद्द १९७२ पासनं आहे तिथंच, म्हणून नवीन बांधकाम सगळं गावाबाहेर, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी, आणि हप्तेवाले पण तिकडंच, "इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊन ठेवलाय" म्हणणारे पण तिकडंच. मंदी आली तर पहिला तडा तिकडं जाईल असा माझा अंदाज आहे, चुकला तर आनंदच. शहरात उलट सध्या हवा चढलीय, गेल्या ऑगस्टात, २०२५ ला, हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि तेव्हापासनं ज्याची म्हणून भाऊसिंगजी रोडच्या आसपास दहा बाय दहाची खोली आहे तो वकिलाची वाट बघत बसलाय. वकील आपलं घासाघीस करतायत.

भाच्याला शेवटी फोनच केला. म्हटलं फॉरवर्ड राहू दे, तू नेमकं कुठं बघतोयस? कळंब्याच्या पुढं टू बीएचके, पाचवा मजला, बिल्डर म्हणतोय ८० टक्के बुकिंग झालंय. पूर तिथं येत नाही हे खरं, बोर्ड बघायची गरज नाही. म्हटलं शेजारच्या दोन बिल्डिंगा तीन वर्षं झाल्या उभ्या आहेत, त्यात लोक राहायला आलेत का? तर म्हणतोय मामा, ते कसं कळणार. रविवारी रात्री आठला त्याला गाडीवर मागं बसवून घेऊन जाणार आहे, खाली उभं राहून किती खिडक्यांत लाईट लागतात ते मोजू. बहिणीनं सांगून ठेवलंय, येताना भेळ आणा, कांदा वेगळा.