घंटेतलं सोनं, काशातलं कथिल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घंटा आणि टाळांच्या धातूवरच्या लेखाखाली आपण लिहिलेलं वाचलं. नाव घातलं नाहीत, असो. आपल्या तक्रारी चार. देवळाच्या घंटेला नाद सोन्या-चांदीमुळे येतो आणि मी त्याचं श्रेय कथिलाला दिलं. वसईच्या घंटा दोन ओळींत उरकल्या. ज्या फोटोखाली 'टाळ' लिहिलं त्या झांजा आहेत. आणि शेवटी, "ज्याने कधी टाळ धरला नाही त्याने नादावर लिहू नये."

फोटोचं बरोबर आहे, ओळ बदलली.

आता ते शेवटचं वाक्य. अहो, कोणाला सांगताय हे? आमचं घर अंबाजोगाईचं, वडील विणेकरी. सप्ताहात रात्रीच्या पहाऱ्याला माणूस कमी पडला की आम्हा लेकरांना झोपेतून उठवून गळ्यात टाळ अडकवायचे. दोरीने मान काचायची, पण जांभई दिली तर वडिलांची नजर पुरेशी असे. वाटीला बोटं टेकली की आवाज बसतो, ती दोरीवर मोकळी सोडली की घुमतो, हे मी कुठल्या वेबसाइटवर वाचलेलं नाही. आपण मला ओळखत नाही, मग एवढ्या खात्रीने कसं लिहिलंत? असहमती एका ओळीत सांगता आली असती. माणसाचं बालपण खोडायची गरज नव्हती.

आमच्याकडे दोन्ही जोड होते. पितळेचा फरशीवर पडला की पोचा यायचा. काशाच्या टाळाचा मात्र कडेचा टवकाच उडाला. कथिलाचं काम इथेच दिसतं. घंटेच्या काशात साधारण पाचवा हिस्सा कथिल, बाकी तांबं. त्याने धातू कडक होतो आणि ठिसूळही. कडक असल्यामुळेच कंप आत जिरत नाही, लांबतो. लंडनच्या बिग बेनमध्ये 22 भाग तांब्याला 7 भाग कथिल आहे, आणि तेरा टनांहून जड असलेली ती घंटा 1859 मध्ये, वाजू लागली त्याच वर्षी, तडकली. मग तिला थोडी फिरवून हलका हातोडा लावला. आजही तीच वाजते. सोनं-चांदी मऊ. भक्तिभावाने कुणी ओताऱ्याच्या मुशीत अंगठी टाकली तर टाकू दे, त्याने नाद वाढत नाही. चांदी जास्त पडली तर उलट बसतो.

वसईचं म्हणाल, तर 1739 च्या विजयानंतर आलेल्या घंटांवर, नाशिकच्या नारोशंकराच्या काय किंवा भीमाशंकरच्या काय, लोकांनी भरभरून लिहिलंय. मला आमच्या भागातल्या टाळांवर लिहायचं होतं. ब्लॉग माझा आहे.

पुढची प्रतिक्रिया नावासकट द्या, नाहीतर मी ती काढून टाकेन. आणि एकादशीला अंबाजोगाईला आलात तर जोड मी देतो. पहाऱ्याला उभे राहा, पहाटेपर्यंत.