‘चार बोल्ट तर आहेत!’

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर घरीच बदलण्याचा विषय निघाला की ‘त्यात काय, चार बोल्ट तर आहेत’ असे म्हणणारा कोणीतरी हमखास भेटतो. अशा प्रत्येकाला एकदा तरी त्या चौथ्या बोल्टापर्यंत हात घालायला लावले पाहिजे. अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनाच्या तळाशी अशा बेचक्यात बसवलेला असतो की वरून पंखा आडवा येतो आणि खालून चेसिस. पाना कसाबसा बसतो, पण फिरवायला जागा नसते. जेमतेम अर्धा आटा फिरवायचा, पाना काढायचा, पुन्हा लावायचा, आणि हे सगळे न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. ही रचना करणाऱ्याने स्वतः कधी गाडीखाली पाठ टेकली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

तरीही माझा खरा राग बोल्टांवर नाही, सोयीस्करपणे गाळलेल्या गोष्टींवर आहे. घरगुती दुरुस्तीच्या व्हिडिओत पट्टा निघतो, पाइप सुटतात, नवा कॉम्प्रेसर बसतो आणि शेवटी ‘आता गॅस भरून घ्या’ एवढे बोलून गृहस्थ मोकळे होतात. अहो, पण पाइप सोडण्याआधी आतला गॅस कुठे गेला? अनेक गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा वायू हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो. म्हणजे तो यंत्राने काढून घेण्यासाठी आधी गॅरेज गाठायचे, आणि यंत्रणेतली हवा उपसून (व्हॅक्यूम करून) वजनाने गॅस भरून घेण्यासाठी शेवटीही गॅरेजच. मधल्या अंग मोडण्याच्या कामाला म्हणे ‘घरच्या घरी’! दाब दाखवणारे एकच गेज लावलेल्या गॅसच्या डब्याने अंदाजपंचे गॅस भरण्याचा सल्ला देणारे तर धन्यच आहेत, कारण नुसत्या लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या, दाबावरून आत किती ग्रॅम गॅस गेला हे कळतच नाही.

कॉम्प्रेसरच्या वंगणतेलाबाबत तर सगळ्यांचीच दातखिळी बसते. पीएजी या कृत्रिम तेलाचा दाटपणा ४६, १०० की १५०, हे गाडीगणिक बदलते. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असेल तर बहुतेकदा वीजरोधक एस्टर तेल लागते. नव्या कॉम्प्रेसरमध्ये पुष्कळदा अख्ख्या यंत्रणेपुरते तेल भरलेले असते, त्यामुळे जुन्यातून निघालेले तेल मोजून त्या हिशेबाने नव्यातले कमी करावे लागते, नाहीतर जादा तेलाने गारवाच घटतो. इतकी महत्त्वाची बाब खोक्यावर ठळक छापायला काय हरकत आहे?

आणि जुना कॉम्प्रेसर आतून झिजून जाम झाला असेल, तर त्याचा करडा चुरा तेलात कालवून कंडेन्सरच्या, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, केसासारख्या बारीक वाटांत जाऊन बसलेला असतो. तिथून तो फ्लशिंगने, म्हणजे आतून धुऊनही, पुरता निघत नाही. कंडेन्सरही बदलावा लागतो, सोबत गॅसचा प्रवाह आवरणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ओल शोषणारा ड्रायर आणि सांध्यांतल्या सगळ्या रबरी ओ-रिंगा. हे सांगितले असते तर कॉम्प्रेसर मागवण्याआधी माणसाने खर्चाचा विचार तरी केला असता. सांगितले जाते ते मात्र खोक्याच्या तळाशी घडी करून ठेवलेल्या, मुंगीएवढ्या अक्षरांच्या कागदावर: ड्रायर बदलल्याची आणि यंत्रणा फ्लश केल्याची पावती नसेल, तर वॉरंटी लागू नाही. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाची पावती आता मी कोणाकडून आणायची?