पृथ्वीगोल, दोरा आणि मोबाईल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ असेल तर शेजारच्या मुलांना पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन जग शिकवावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. भिंतीवरच्या नकाशाला मी 'खोटा' म्हटलं, ते चूक आहे. आणि मोबाईलवर क्षणात अंतर कळत असताना पोरांना दोरा धरायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ फुकट घालवणं आहे.

पहिला आक्षेप मान्य. 'खोटा' हा शब्द मी मागे घेतो. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली तो नकाशा काढला दर्यावर्दींसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज नेलं तर त्याचा मार्ग त्या नकाशावर सरळ रेषेत येतो, आणि हे काम तो आजही चोख करतो. क्षेत्रफळ मात्र हातचं जातं. ६० अक्षांशावर लांबी दुप्पट ताणली जाते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंडच्या मधोमध, ७२ अक्षांशाच्या आसपास, ते दहापटीच्या वर जातं. भारत विषुववृत्ताच्या बराच जवळ, त्यामुळे तो फारसा फुगत नाही. म्हणून ३२.८७ लाख चौरस किलोमीटरचा आपला देश २१.६६ लाखांच्या ग्रीनलंडपुढे बारका दिसतो. मुलांच्या डोक्यात हेच चित्र वर्षानुवर्षं बसतं, माझी तक्रार तेवढीच होती.

भिंतीवरचा प्रत्येक नकाशा मर्केटरचा नसतो, हेही तुमचं बरोबर. ओळखायचं कसं? पट्टी घ्या. विषुववृत्तापासून २० अक्षांशापर्यंतचं अंतर मोजा, मग ६० ते ८० मधलं. दुसरं अंतर पहिल्याच्या तिपटीहून जास्त भरलं तर नकाशा मर्केटरचा. दोन्ही सारखी आली तर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, वेगळं, आणि पुढचा खेळ त्यावर जमणार नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. मुंबई ते न्यू यॉर्क सुमारे १२,५४० किलोमीटर, हा आकडा मोबाईल देईल. पण सोसायटीतल्या ज्या मुलाची आत्या न्यू जर्सीला असते त्याचा प्रश्न वेगळा असतो: आपण पश्चिमेला निघालो, मग विमान उत्तरेला का वळतं? याचं उत्तर त्याच्या बोटांना मिळायला हवं.

३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंमी भरतो, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सव्वाचारशे किलोमीटरांचा. दोरा गोधडी शिवायचा, जाड सुती घ्यावा. लोकर ताणली जाते, नायलॉन घसरतो. गोल स्टँडमधून निघत असेल तर काढून मांडीवर घ्या, कारण धातूची कमान नेमकी उत्तरेकडे दोऱ्याला आडवी येते. एकाने मुंबईवर अंगठा दाबायचा, दुसऱ्याने न्यू यॉर्कवरून दोरा ओढायचा. दोरा सैल असेपर्यंत मुलं तो हमखास अक्षवृत्ताच्या कडेने ठेवतात. हात लावून सरळ करू नका, फक्त 'अजून ओढ' म्हणा. ताण आला की दोरा आपणहून वर सरकतो आणि अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून खाली उतरतो. हेच बृहद्वृत्त, गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता. तो सरकण्याचा क्षण मुलाने स्वतः बघावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मग मर्केटरच्या नकाशावर त्याच दोन शहरांमध्ये पट्टीने सरळ रेघ मारा. ती सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाते. दर २० रेखांशांवर ती कोणत्या अक्षांशावर आहे ते वाचा, गोलावर तिथे चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावा आणि दुसरा दोरा त्यांवरून न्या. आता दोन्ही दोरे ३० सेंमीच्या पट्टीवर ठेवा. पहिला साडेएकोणतीस भरतो, जेमतेम मावतो. दुसरा पट्टीच्या बाहेर साडेतीन सेंटिमीटर लोंबतो. नकाशावर 'सरळ' वाटणारा रस्ता साधारण १,६५० किलोमीटरने लांबचा निघाला!

स्वस्त गोलाबद्दल एक सूचना. कागदाच्या पट्ट्या चिकटवून तो बनवलेला असतो आणि जोड नीट जुळलेले नसतात. जोडाला २ मिलिमीटरची चूक म्हणजे ८५ किलोमीटर. विकत घेताना विषुववृत्ताच्या जोडावर बोट फिरवून बघा.

खरी विमानं या दोऱ्यावरूनच जातात असं नाही. वारा आडवा येतो, आणि राजकारणही. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्या भागावर पांढऱ्या कागदाचा तुकडा लावा आणि म्हणा, आता याला वळसा घालून दोरा न्या. बातमीत ऐकलेलं 'तिकीट का महागलं' हे मूल स्वतःच सांगू लागतं. जहाजांचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. मुंबई ते रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे ११,७०० किलोमीटर, आफ्रिकेला वळसा घातला तर २०,००० च्या घरात. इथे दोरा किनाऱ्याच्या वळणांवर चिकटपट्टीने अडकवत न्यावा लागतो. ओढलात तर तो जमिनीवर चढतो, आणि मग जहाज सहारातून चाललेलं दिसतं.

मोबाईल मी वर्ज्य करत नाही, फक्त तो नंतर द्यावा. संगणकावर गूगल मॅप्स पूर्ण लहान केलं की २०१८ पासून गोल दिसतो. तिथे उजव्या क्लिकने अंतर मोजायची सोय आहे. दोऱ्याचा आकडा वहीत लिहून झाल्यावरच ते उघडा. दोन्हींत तीनशे किलोमीटरांहून जास्त फरक आला, तर अंगठा मुंबईवरून कधी सरकला ते आधी शोधा.