म्हणे छोटासा तुकडाच तर काढायचाय!

"छोटासा तुकडा काढायचाय, 10 मिनिटांचं काम." हे वाक्य मला परत कुणी ऐकवलं ना, तर माझा हात उठेल.

आईच्या स्तनात गाठ लागली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा सुईने काढून तपासणं, लिहून दिली. बाकी काय ते काउंटरवर विचारा. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "सकाळी उपाशी आणा." 72 वर्षांची, डायबिटीसची बाई, तिला चहासुद्धा न देता कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षाने नेली. टेबलावर झोपवल्यावर आतले डॉक्टर विचारतात, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" आहे ना! फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय! "मग आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारून या, बंद ठेवायची का, किती दिवस." आणि उपाशी? "छे हो, जागेवरच भूल देतो आपण, उपाशी कशाला?" हे फोनवर आधी सांगायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

दुसरी फेरी. भुलीचं इंजेक्शन चुरचुरलं तेवढंच, सुई काही फार दुखली नाही, असं आईच म्हणाली. पण तुकडा काढणाऱ्या त्या स्प्रिंगच्या सुईचा, बायोप्सी गनचा, आवाज! मोठा स्टेपलर दाबल्यासारखा खटकन. पहिल्या खटक्याला आई टेबलावर उडालीच. असे 5 खटके, कारण तुकडा एक नसतो, वातीएवढे बारीक 4-5 असतात. एकदा हवेत वाजवून "आजी, असा आवाज येईल हं" म्हणायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी ती जागा काळीनिळी पडली. होतं तसं, आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. पण कुणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे आई न्हाणीघरातून रडतच बाहेर आली.

आणि ती बरणी! फॉर्मेलिनमधले, म्हणजे तुकडे खराब होऊ नयेत म्हणून घालतात त्या औषधातले, माझ्या आईचे तुकडे माझ्याच हातात. "टिळक रोडच्या लॅबमध्ये देऊन या." नाव फक्त झाकणावर. म्हटलं, झाकणं बदलली तर? बरणीवर लिहा. तर बाईंनी अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांचा पगार विचारला.

या सगळ्यात धड बोलला तो एकटा लॅबमधला पोरगा. तुकडे आधी फॉर्मेलिनमध्ये नीट मुरायला हवेत, मग रात्रभर मशीनमध्ये, मग मेणाचा ठोकळा, त्याचे 4 मायक्रॉनचे काप, त्यावर गुलाबी-जांभळा रंग, मग पॅथॉलॉजिस्ट बघणार. घाई केली तर काप बिघडतात. दोन मिनिटांत मला कळलं की 4 दिवस का लागतात. हेच डॉक्टरांनी आईला सांगितलं असतं, तर तिने चारही रात्री "वाईट असणार म्हणूनच लपवतायत" म्हणत काढल्या नसत्या. त्यात काकूंचा रोज फोन, "सुई लावली की कॅन्सर पसरतो बरं का!" नाही हो पसरत! त्या भीतीने बायोप्सी टाळण्यात जास्त धोका आहे. पण हे मी सांगून काकू ऐकणार थोड्याच. डॉक्टर एका वाक्यात बोलले असते तर आईने तरी ऐकलं असतं.

शेवटी रिपोर्ट आला. कुठे? मोबाइलवर, शनिवारी रात्री पावणेदहाला, पीडीएफ. सगळा इंग्रजीत, आणि खाली एक ओळ, पक्कं निदान करायला आयएचसी, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं खास रंगाने ओळखायची तपासणी, करावी. म्हणजे त्याच ठोकळ्याचे आणखी काप, आणखी दिवस, वेगळे पैसे. असं होऊ शकतं, हेही कुणी बोललेलं नाही.

दवाखान्यात फोन केला. "डॉक्टर सोमवारी भेटतील." सोमवारी माझा नंबर 19.

आई पलंगावर बसून विचारतेय, "चांगलंय का वाईट, एवढंच सांग गं." काय सांगू?