चिपळूणला बदली होऊन येणाऱ्यांसाठी, आणि त्यांना खोल्या देणाऱ्यांसाठी

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

आमच्या शाखेत जतकडचा एक मुलगा नवीन आलाय. पहिलीच नेमणूक. पावसाळा तोंडावर आणि पोरगं अजून लॉजवर, म्हणून आज त्याच्यासोबत खोल्या बघायला गेले. बाजारपेठेच्या अंगाला तळमजल्यावर एक खोली होती. रंग इतका ताजा की डोळे चुरचुरले. ऑफिस पाच मिनिटांवर, भाजी दारात, स्टँड जवळ, असं सगळं मालकांनी सांगून झालं. मी विचारलं, 2021 च्या पुरात पाणी कुठवर होतं? "मॅडम, तेव्हा काय सगळीकडेच आलं होतं," म्हणाले आणि हसले.

हसले! 22 जुलै म्हटलं की आजही अर्धं गाव गप्प होतं, त्या गावात.

मी कराडहून कुंभार्ली घाट उतरून आले तेव्हा मलाही स्वस्तातली खालचीच खोली हवी होती. काकींनी दार उघडलं आणि आधी भिंत दाखवली. खिडकीच्या वर पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख, 26-7-2005. "बाय, ही रेघ बघ. मी खाली कुणाला ठेवीत नाय." खाली नारळ आणि जळण ठेवलं होतं. मला वरची त्यांची स्वतःची खोली दिली, खालच्याच भाड्यात.

घाटावरच्या माणसाला चिपळूण किनाऱ्यावरचं गाव वाटतच नाही, कारण इथून समुद्र दिसत नाही. पण भरती असली की वाशिष्ठीचं पाणी दाभोळच्या खाडीकडे उतरत नाही, वरून सह्याद्रीचा पाऊस, आणि कोयनेत वीज करून सुटलेलं पाणीही याच नदीत. हे त्या जतच्या पोराला कोण सांगणार? त्याच्या गावाला टँकरची सवय. तो मला विचारत होता, रेंज येते का.

भाडं परवडत नाही, मान्य. चढावर राहायचं तर गाडी हवी, तेही मान्य. नवीन लागलेल्याचा पगार किती असतो मला ठाऊक आहे. पण ऑफिस पाच मिनिटांवर, याचं कौतुक मला सांगू नका. त्या दिवशी पाणी बाजारपेठेत होतं तसं एसटी स्टँडातही होतं. कुठलं ऑफिस आणि कुठली पाच मिनिटं!

आम्ही वर होतो. रेघ तर सकाळीच बुडाली होती. खालचे नारळ पाण्याबरोबर वर आले आणि आमच्या पायाखालच्या तक्तपोशीला आपटत राहिले, दिवसभर. काकी जिन्याच्या पायऱ्या मोजत होत्या. मी खाली राहिले असते तर, हा विचार मी अजून पुरा करत नाही.

खरं सांगायचं तर आता लिहिताना त्या मालकांवरचा राग थोडा उतरलाय. त्यांनीही कमरेएवढा गाळ उपसला असेल. गावात किती दुकानं परत उभी राहिलीच नाहीत. पुराची निळी रेषा, लाल रेषा यावरून लोक भांडतात तेही उगाच नाही. घर रेषेत आलं की वाढवता येत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. भाडं हाच आधार असेल तर माणूस रंग देणारच.

द्या हो रंग! पण विचारल्यावर तरी खरं सांगा. काकींना काय भाडं नको होतं? त्यांनी गाळ काढून झाल्यावर जिन्यात दुसरी रेघ ओढली, यावेळी ऑइलपेंटने, भाचा नको नको म्हणत असताना. घराची किंमत पडेल म्हणत होता. पडली असेल.

आणि शाखेतल्या सहकाऱ्यांनो, नवीन माणसाला एसी घे, ड्रायर घे, बुरशी येते, हे सगळं सांगता. हेही सांगत जा की रेड अलर्टच्या रात्री बाइक कुठे नेऊन लावायची. बाकी बुरशी येतेच, कपडे वाळत नाहीत, मरत नाही कोणी त्याने.

तर, चढावर कुणाकडे वन आरके असेल तर इनबॉक्स करा. पहिला किंवा दुसरा मजला. मुलगा सज्जन आहे, स्वतः रांधून खातो, मासे शिकायचेत म्हणतो. डिपॉझिट एकदम भरायला जमणार नाही, दोन हप्त्यांत देईल, जामीन मी. एजंटांनी कृपया मेसेज करू नये.